मधला तुकडा

काका-काकू पक्के शाकाहारी. त्यांच्या सोसायटीतलं मांजरसुद्धा दूधभातावर वाढलेलं. तरी काका गेल्यावर त्यांच्या लोखंडी कपाटामागून मासे धरायच्या तीन काठ्या निघाल्या. कॅनव्हासच्या पिशव्यांत, नाड्या बांधून, नीट. काकूंनी नाक मुरडलं आणि मला फोन केला. घरातला उपद्व्यापी पुतण्या मीच.

"बिल्डिंग पाडायला घेतायत. रविवारी भंगारवाला येतोय," काकू म्हणाल्या. "त्याच्या आत या काठ्या कशाला ठेवायच्या ते मला पटवून दे. नाही पटलं तर जातील पलंगाबरोबर."

काकांचं गुपित मला थोडंसं माहीत होतं. दर रविवारी पहाटे ते खडकवासल्याला 'हवा खायला' जात. एकदा मी त्यांना बसस्टॉपवर लांबट पिशवीसकट पकडलं होतं. काठ्या ऑफिसातल्या पारशी साहेबांनी निवृत्त होताना दिल्या, धरलेला मासा मी परत पाण्यात सोडतो, असं त्यांनी कबूल केलं आणि तोंड बंद ठेवण्यासाठी मला मस्तानी पाजली. मी शब्द पाळला. मस्तानी मोठी होती.

आता मात्र मला चेव आला. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं, 'खजिना सापडला आहे. गर्दी करू नये.' बुधवार पेठेतल्या एका ओळखीच्या दुकानदाराने पत्ता दिला. विश्रांतवाडीला एक निवृत्त गृहस्थ जुन्या गळकाठ्या दुरुस्त करतात. शनिवारी तिन्ही पिशव्या घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

पहिली काठी त्यांनी हातात घेतली आणि लगेच ठेवली. "पोलादी नळी. आतून गंजलीय. हिच्यावर पडदा छान बसेल."

दुसरी फायबरची. "ही साधी. पण वापरणाऱ्याने जीव लावून वापरलीय." मुठीवर अंगठ्याच्या जागी चक्क खळगा पडला होता.

तिसरी पिशवी उघडल्यावर मात्र ते काठी घेऊन उठले. खिडकीशी गेले, एक डोळा मिटून काठीवरून नजर फिरवली. मग माझं बोट धरून काठीवर ठेवलं. "मोजा, किती बाजू लागतात."

सहा लागल्या.

"बांबूच्या सहा चिपा तासून एकमेकींना चिकटवल्यात. कड्यांना रेशमी धागा, मूळचाच. मुठीच्या वर शाईने कारागिराचं नाव. विलायती माल, महाशीरसारखा दांडगा मासा ओढायला केलेला." त्यांनी बोटं हुंगली. "खोबरेल?"

आदल्या रात्री मीच चोळलं होतं. म्हटलं, उजळेल.

"पुन्हा लावू नका, केस येणार नाहीत. मधला तुकडा कुठाय?"

"मधला?"

"ही तीन तुकड्यांची काठी. मूठ आहे, शेंडा आहे. म्हणजे तुम्ही सोगे घेऊन आलात आणि धोतर घरी विसरलात. अख्खी असेल तर एखादा शौकीन हिला चांगल्या मोटारसायकलची किंमत देईल. दोनच तुकडे असतील तर टोमॅटोच्या रोपाला आधार."

रविवारी सकाळी सातला मी तिन्ही पिशव्या परत घेऊन काकूंच्या घरी आलो आणि माळ्यावर, पलंगाखाली, मोरीत, सगळीकडे शोधलं. काकू हॉलमध्ये पातेल्यांना वर्तमानपत्रं गुंडाळत होत्या. अकराला खाली भंगारवाल्याची हाक आली. त्याची माणसं वर येऊन पलंग सुटा करू लागली.

"काय शोधतोयस एवढं?"

"हातभर नाही, चांगला चार फुटांचा तुकडा. दोन्ही टोकांना पितळी टोपण, मध्ये बारीक कड्या, सहा बाजू..."

काकूंचा हात पातेल्यावर थांबला. 'बरोबर न्यायचं' अशी चिठ्ठी लावलेल्या ढिगातून त्यांनी जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी ओढलं. साडी सोडली. आतून त्यांच्या गुढीची काठी निघाली.

दर पाडव्याला स्टुलावर चढून ही काठी गॅलरीच्या गजाला मीच बांधत आलो होतो. कड्यांतून साखरेची गाठी आणि कडुनिंब ओवायला किती सोयीचं, असं भाषणही दरवर्षी मीच द्यायचो.

"या घरातला पहिला पाडवा," काकू म्हणाल्या. "तुझे काका काठी आणायला विसरले. मी रुसून बसले. तर आतून ही घेऊन आले. पुढच्या वर्षी मंडईतून नवी आणली होती त्यांनी, चांगली उंच. मीच म्हटलं, छे, ही पितळी टोपणाचीच राहू दे. तर गप्प बसले."

"गप्प बसले आणि जन्मभर ती फायबरची वापरली." मी मुठीवरचा खळगा दाखवला.

काकूंनी त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. "मागितली असती तर दिली नसती का मी?"

"मागायची तर कशाची आहे ते सांगावं लागलं असतं."

"रविवारचे शर्ट कोण धूत होतं? मला काय वास येत नव्हता?" त्यांनी डोळे पुसले आणि त्याच पदराने पितळेवरचं हळदकुंकूही पुसलं. "लाव बघू."

टुक असा आवाज झाला आणि तुकडा बसला. पुन्हा टुक. काठी हॉलमध्ये मावेना, म्हणून आम्ही गॅलरीत गेलो.

"मोटारसायकलची किंमत येते म्हणतात," मी सांगितलं.

"मोटारसायकल गुढीला बांधता येते का?" काकू म्हणाल्या. "बाकी वर्षभर अख्खी राहू दे हिला. पाडव्याला मधला तुकडा मला लागेल. फायबरचीही न्यायची आहे. ती पोलादी दे त्याला."

मग मूठ दोन्ही हातांत धरून त्यांनी काठी कठड्याबाहेर काढली. शेंडा दुसऱ्या मजल्याच्या वाळवणावरून डुलत डुलत गेला. खाली टेम्पोत पलंग चढवणारा भंगारवाला वर बघायला लागला.

"मावशी, ते पण द्यायचंय का?"

"नाही."

"मग काय करताय?"

"हवा खातेय," काकू म्हणाल्या.