राखून ठेवलेला होकार

दीडशे वर्षांपूर्वी पोर्तुगालात प्रेमात पडून वाया गेलेल्या माणसांचं सुतक ऑकलंडच्या हेन्डरसन उपनगरात बसून पाळणारा माणूस जगात एकच, आणि ते नेमके माझे मावससासरे निघाले. काका मडगावला शाळेत होते तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं, त्यामुळे ती भाषा जिभेवर बसलेली. पुढे राज्य गेलं, पण तिकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या काही त्यांच्या मानगुटीवरून उतरल्या नाहीत. पेशाने इंजिनिअर, पण कुठल्या उमरावाने कुणाच्या मुलीला फसवलं हे त्यांना पुलांच्या आकडेमोडीपेक्षा पक्कं ठाऊक.

न्यूझीलंडला येताना मावशींनी बॅगेत लोणचं भरलं आणि यांनी कादंबऱ्या. ऑकलंडच्या विमानतळावर तपासनीस बाईंनी लोणचं सोडून दिलं, पण एका कादंबरीतून कसर पळताना दिसली आणि अख्खा गठ्ठा धुरी द्यायला ठेवून घेतला. पुस्तकं परत येईपर्यंत काका असा चेहरा करून वावरत होते, की शेजारच्या गोऱ्या आजी मावशींना विचारून गेल्या, हॉस्पिटलमध्ये कोण आहे?

त्या गोष्टी ते घरच्या असल्यासारख्या सांगत. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या बार्बेक्यूला हातात चिमटा धरून सुरुवात केली, "बापाने पोरीला मठात कोंडलंय हो. खिडकीत बसून रडते बिचारी." शेगडीवरच्या कणसांचा कोळसा झाला. घोळक्यात पुण्याहून नुकतीच आलेली एक नर्स होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मुलगी कुठल्या सबर्बमधली? मला रिपोर्ट करावं लागेल." ती मुलगी मुळात कादंबरीतली, हे पटवताना माझी दमछाक झाली. काकांना मात्र त्या नर्सचं फार कौतुक वाटलं. "तेव्हा अशी एक जरी असती, तरी पोरगी वाचली असती," असं कितीतरी दिवस म्हणत होते.

कादंबरीतल्या त्या सगळ्या बापांवर त्यांचा एकच आक्षेप होता. लग्नाला आधी नकार द्यावा, त्याने प्रेमाला वजन येतं, इथपर्यंत त्यांचं बरोबर. पण हे लोक होकाराला उशीर करतात आणि तोवर पोरगी क्षयाने जाते. "आमच्या नीलाच्या वेळी बघ, मी कसा वेळेत विरघळतो," असं ते मला बजावत.

नीला त्यांची एकुलती एक, इथेच शाळा शिकलेली, वेलिंग्टनला सरकारी खात्यात नोकरी करणारी. एका ईस्टरला ती घरी आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "बाबा, मी आणि मॅट लग्न करतोय." मॅट सगळ्यांनाच आवडायचा, काकांना सर्वांत जास्त. पण काका उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "हे लग्न मला मान्य नाही." मी समोरच बसलो होतो. नीला "ओके बाबा" म्हणाली, कप विसळून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. काका खुशीत. आता ती फोनवर रडेल, भांडेल, मग आपण विरघळायचं.

मावशी म्हणाल्या, "अहो, फोन करून हो म्हणून टाका. ती इथे वाढलीय. तिला नाही म्हणजे नाहीच कळतं."

"जरा कळ काढ," काका म्हणाले.

फोन आला तो लग्न झाल्याचा. रजिस्ट्रारसमोर, दोन मित्रांच्या साक्षीने. "तुम्हाला नको होतं ना बाबा, म्हणून तुम्हा दोघांना मध्ये घातलं नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं.

पुढे येणंजाणं नीट चालू राहिलं. जावयाला काका आग्रहाने श्रीखंड वाढत. कादंबऱ्यांचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि खरं सांगतो, मला त्या गोष्टी बंद झाल्याची फार चुटपुट लागे.

काका गेले त्यानंतर नीला आमच्याकडे आली होती. म्हणाली, "भावोजी, बाबांना मॅट कधी आवडलाच नाही ना?"

मी तिला सांगितलं, की तू चहा पिऊन उठलीस त्याच संध्याकाळी ते मला घेऊन लग्नासाठी हॉल बघायला गेले होते. खुर्च्या किती मावतील, नवरदेवाचे लोक कुठे बसतील, सगळं विचारून आले होते.

ती म्हणाली, "मला वाटलं होतं, बाबा फोन करतील. लग्नाला निघेपर्यंत मी फोन हातात घेऊन बसले होते."

काकाही तेव्हा इकडे फोनशेजारी खुर्ची टाकून बसत होते. तेवढं तिला सांगायचा मला धीर झाला नाही.