मंगळाच्या शेजारचा ठिपका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मित्राला नाही, भावाला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. उद्या सकाळी तुमच्यासमोर बसून मला चहा प्यायचा नाही.

गोष्ट एका दुर्बिणीची आहे — म्हणजे लोकांना सांगताना मी अशीच सुरुवात करतो, आणि मग शनीच्या कड्यांवर बोलत सुटतो. बोलण्यात मी हुशार आहे. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत आमचं घर. मागे एवढंसं अंगण, त्याच्यापलीकडे धानाच्या बांध्या. त्या बाजूला एकही दिवा नाही. दुसऱ्या बाजूला राइस मिल — तिकडचं आभाळ कोंड्याच्या धुळीनं आणि दिव्यांनी कायमचं भुरकट. रात्री अंगणात माझी पाच इंची आरशाची दुर्बीण तिपाईवर उभी असते. गल्लीत तिला सगळे तोफ म्हणतात.

मी आमगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे सर आहे, आणि नाहीही. घर चालतं ते रेखाच्या पगारावर. रेखा माझी बायको, सरकारी दवाखान्यात नर्स. रडून लालबुंद झालेल्या लेकराच्या हातातली दोऱ्यासारखी शीर ती पहिल्या खेपेला शोधते. बायका लेकरू घेऊन येतात आणि आधी विचारतात, रेखा सिस्टर आहे का? हे मी कौतुकानं सांगतोय ना? आज, हो. तेव्हा ते मला टोचायचं. लग्नाकार्यात लोक मला 'रेखा सिस्टरचे मिस्टर' म्हणत, आणि मी दात दाखवून हसत असे.

एकच गोष्ट माझी होती — आभाळ. हसू नका. ज्याच्या नावावर खुर्चीसुद्धा नाही, त्याला आभाळ पुरतं. रेखाला ग्रहतारे मीच दाखवले, मीच शिकवले. शिकवायला मला आवडायचं. ती माझ्याइतकी शिकेल, हे मात्र मी धरून चाललो नव्हतो.

युरेनसच्या मागे मी दोन हिवाळे लागलो होतो. गुरू-शनी काय, कुणीही दाखवील. युरेनस छोट्या दुर्बिणीतही ठिपकाच दिसतो, आजूबाजूला तसलेच शेकडो तारे. नीट डोळा बसला तरच कळतं, की हा ताऱ्यासारखा नुसता बिंदू नाही. इवलासा गोल आहे, फिकट हिरवट, आणि लुकलुकत नाही. आमचा आकाश पाहणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी 'बहुतेक दिसला' असं दोनदा टाकलं होतं. बहुतेक! ग्रुपवाल्यांनी दोन्ही वेळा अंगठा दाखवून सोडून दिलं.

त्या जानेवारीत मंगळ युरेनसच्या जवळून जात होता. याहून सोपी खूण कोणती? आधी मंगळ धरायचा आणि तिथून थोडं सरकायचं. पण नेमक्या त्याच दिवसांत शाळेत सराव परीक्षा, आणि आमगावहून येणारी पॅसेंजर रोज कुठंतरी अडून बसायची.

एका संध्याकाळी घरी आलो तर आत कुणी नाही. गॅसवर कुकर. मागचं दार उघडं. रेखा अंगणात, ड्यूटीचे कपडे तसेच, वरून स्वेटर, एक डोळा तळहातानं झाकून दुर्बिणीला लागलेली. तोफ तिनं एकटीनं बाहेर काढली होती, एकटीनं लावली होती. मला विचारलं नव्हतं.

काय वाटलं असेल मला? आनंद? नाही हो. दगा वाटला. माझ्या पाठीमागे माझी एकुलती एक वस्तू कुणी वापरतंय, आणि ते कुणी म्हणजे माझीच बायको. शहाण्या माणसाला असलं वाटत नाही, हे तेव्हाही कळत होतं. तरी मी दारातच उभा राहिलो.

"अजी, हळू या," ती डोळा न काढता म्हणाली. "धक्का नोका लावू. मंगळापासून जरासं सरकवलं, तं हा सापडला. तारा नाही वाटून राहिला मले. गोल दिसून राहिला."

मी वाकलो. डोळा लावला.

इथं मी थांबतो. मनातल्या मनात सांगतानाही दरवेळी इथंच थांबतो. पाणी पितो, विषय बदलतो. काय पाहिलं मी? सांगू?

तो होता. इवलासा, गोल, फिकट हिरवट, एकदम शांत. दोन हिवाळे ज्याच्यासाठी पायांना मुंग्या येईस्तोवर उभा राहिलो, तो समोर होता. मला जराही शंका नव्हती. आणि मी मान वर करून म्हणालो —

"कुठं काय? तारा आहे तो."

"पण लुकलुकून नाही राहिला."

मग मी मास्तर झालो. म्हणालो, दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, विसरलीस वाटतं. ताऱ्यांच्या नकाशात एक बाजू, दुर्बिणीत दुसरी. तू मंगळाच्या भलत्याच अंगाला गेलीस. — आता हे नीट ऐका. पायरीवर नकाशा ठेवलेला होता, टॉर्चखाली, आणि तो उलटाच ठेवलेला होता. बरोबर, दुर्बिणीशी जुळेल असा, मीच शिकवल्याप्रमाणे. मला तो आल्याआल्या दिसला होता. तरीही मी बोललो. नवशिक्याची जी हमखास चूक असते, ती तिनं केलेलीच नव्हती. ती मी तिच्या अंगाला चिकटवली.

तिनं नकाशा उचलला, सुलटा केला, परत उलटा केला. "असं होय," म्हणाली. कुकरची शिट्टी झाली, ती आत गेली.

एवढ्यावरच राहिलं असतं तर? रागाच्या भरात माणूस बोलून जातो, असं म्हणता आलं असतं. पण वाढताना ती म्हणाली, पंधरा दिवसांनी परत पाहू, जागेवरून सरकला तर ग्रह. हेही मीच शिकवलेलं. मी म्हणालो, थंडीत कायले उभी राहतेस, मी पाहीन.

आणि पाहिला. ती दुपारपाळीला गेलेली असताना एकट्यानं. सरकला होता. मग ग्रुपवर टाकलं — युरेनस सापडला. या वेळी 'बहुतेक' नव्हतं. टाळ्या, पुष्पगुच्छ, अभिनंदन सर. रेखानं ड्यूटीवरून येताना पेढे आणले. हो, पेढे.

पेढा माझ्या तोंडात घालून ती दुर्बिणीपाशी गेली. पुष्कळ वेळ पाहत राहिली. "हा तं तसाच हाय," ती म्हणाली, "मले दिसला होता तसाच." मी पेढा गिळला आणि म्हणालो, तू पाहिलास तो बाजूचा तारा. तेव्हा ती हसली. "मंग माझ्या डोळ्यांनीच दगा देला म्हणा मले."

दगा कुणी दिला होता?

त्यानंतर ती तोफेला डोळा लावायला आली नाही. आमच्या पोरीनं ओढून नेलं तर म्हणे, तुझ्या बाबाले विचार, मले नाही समजत त्यातलं. मला वाटलं, चला, एका छंदावरच निभावलं. पण नाही. हळूहळू ती औषधाच्या बाटलीवरचा आकडा मला दाखवू लागली — पाहा बरं, हा तीन हाय का आठ? तिला नीट दिसत असायचा. तरी विचारायची. गोंदियात जाऊन डोळे तपासले, डॉक्टर म्हणाले उत्तम आहेत. ते तिला पटलं नाही. कारण माझ्या शब्दावर तिचा विश्वास डॉक्टरपेक्षा जास्त. रविवारी विहारात आम्ही शेजारी बसून पंचशील घेतो. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. तिचा आवाज स्पष्ट, ठाम. माझाही.

गेल्या महिन्यात तिला नवजात बाळांच्या वॉर्डाची प्रमुख व्हायला सांगितलं. कितीतरी वर्षं ती याच कामाची वाट पाहत होती. लग्न ठरलं तेव्हाच मला म्हणाली होती, एक दिवस मी तो वॉर्ड सांभाळणार. काचेच्या पेटीतली मूठभर लेकरं, त्यांच्या त्या शिरा — तिच्याइतकं ते कुणाला जमणार? दवाखान्यात सगळ्यांनी तिचं नाव गृहीतच धरलं होतं.

ती संध्याकाळी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, नाही म्हणून सांगून आली मी.

"बारीक नजरेचं काम हाय ते. लेकराच्या जिवाशी खेळ कायले करू? मले नसलेलं दिसते. तुमी तोंडावर खरं सांगता म्हणून तरी समजलं, नाही तं कोणाचं लेकरू मारली असती मी."

मी चहा पीत होतो. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी ते उघडलं आणि म्हणालो, "बरं केलंस."

त्या जागेवर दुसरी सिस्टर रुजू झाली आहे. रेखाच्या डोळ्यांत काहीही दोष नाही, तेव्हाही नव्हता. तो युरेनसच होता. तो तिनं शोधला होता, आणि मला तो दिसला होता.