भासऱ्यांचे डिस्कस

आमचे भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, माझ्याशी कधी बोलत नसत. काही सांगायचं असलं तर माशांच्या पेटीकडे तोंड करून सांगत. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याशी बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे मला ते बरंच वाटायचं. "आज पाणी गढूळ दिसून राह्यलं," असं ते काचेला म्हणाले की मी बादली उचलायची.

नागपूरला ते शोभेच्या माशांच्या दुकानात पुष्कळ वर्षं कामाला होते. दम लागायला लागला तेव्हा आरमोरीला परत आले, ते बोटाच्या पेराएवढी दहा पिल्लं घेऊन. डिस्कस म्हणतात त्यांना. थाळीसारखे गोल असतात आणि वाढायला फार वेळ लावतात. तळहाताएवढे झाले की दुकानाचा मालक न्यायला येणार होता.

आमच्या घरचे सगळे तलावात जाळं टाकणारे. सासूबाई म्हणायच्या, "मासे खाऊ घालून मोठा केला याले, अन् हा आता माशाले चारून राह्यला." भासरे नुसते हसत. तलावातले बारीक झिंगे आणून ते उकडत, पाट्यावर वाटत आणि चाळणीतून काढत. दिवसातून पाच वेळा देत, पण चिमटीत मावेल तेवढंच. दांडग्या माशांना आधी एका कोपऱ्यात गुंतवायचे, मग मागे राहिलेल्यांसमोर दुसरी चिमूट सोडायचे. उरलंसुरलं नळीने लगेच ओढून घ्यायचे.

"एकदम जास्त दिलं म्हणून लवकर वाढत नाई," ते पेटीला सांगत. "पाणी नासते. अन् लहानपणी खुंटला तो खुंटला. मंग कितीबी चारा."

एका माघात त्यांचा दम फार वाढला. त्यांना गडचिरोलीच्या दवाखान्यात ठेवलं. जाताना ते पेटीसमोर थांबले आणि "पाच वेळा, चिमटीनं," एवढंच बोलून गेले.

मी तसंच केलं. मग शिवरात्र आली. दरवर्षी आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला जातो आणि सासूबाई वैनगंगेतल्या माशांना लाह्या टाकतात. त्या वर्षी जाणं झालं नाही. त्या म्हणाल्या, "घरच्याच माशाइले टाक ओंजळभर, त्याच्या नावानं. बरा होऊन येईन." मला चिमटीचं माहीत होतं. पण माणूस दवाखान्यात असताना पुण्य चिमटीने कसं करायचं, असं वाटलं. मी ओंजळ भरून टाकल्या. देवाच्या नावाने टाकलेलं परत काढू नये म्हणून उरलेल्या काढल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं. पाणी बदललं, तरी तीन दिवसांत सहा मासे मेले.

भासरे बरे होऊन आले. पेटीसमोर उभे राहून त्यांनी मासे मोजले.

"थंडीनं मेले असतीन," सासूबाई म्हणाल्या.

मी दाराआड होते. "थंडीनं नाई, भाऊ," मी म्हणाले. "मी लाह्या टाकल्या. तुमच्या नावानं."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.  भासरे दाराकडे वळून म्हणाले, "मी तं वाचलो, बाई. आता हे चार वाचवू."

त्यानंतर ते खुर्चीवर बसून सांगत आणि मी झिंगे वाटत असे. लाह्यांची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

पावसाळ्यात ते गेले. दिवाळीनंतर मालक आला तेव्हा तीन मासे तळहाताएवढे झाले होते. त्याने ते हवा भरलेल्या पिशव्यांत घेतले. चौथा रुपयाएवढाच होता. "हा खुंटला. ठेवा तुम्हीच," तो म्हणाला. कशाने खुंटला ते त्याने विचारलं नाही.

तो मासा अजून आहे. वाढत नाही. मी त्याला पाच वेळा देते आणि खाऊन होईपर्यंत तिथेच उभी राहते.