नायक गप्प का होतो

माझ्या होणाऱ्या जावयाला मी शुक्रवारी मरणाच्या दारात नेऊन ठेवलं होतं आणि रविवारी त्याचा साखरपुडा होता.

याचं मूळ माझ्या वाचनात आहे. मी कामतघरच्या शाळेत मराठी शिकवतो आणि प्रेमकादंबऱ्या वाचतो. अगदी उघडपणे वाचतो. (स्टाफरूममध्ये मात्र वर्तमानपत्राच्या आत धरून.) त्याही एकाच लेखिकाबाईंच्या. बाईंची चाळीसेक पुस्तकं मी वाचली आहेत. काही दोनदा, कारण हे आधी वाचलंय हे निम्म्यावर आल्यावर कळलं. बाईंचे नियम पक्के. पहिल्या पानावर भांडले की शेवटच्या पानावर लग्न. चिठ्ठी लिहिली की ती भलत्याच माणसाच्या हातात. आणि लग्न ठरलेला नायक अचानक गप्प झाला, तर त्याला असाध्य आजार झालेला असतो. नायिकेच्या आयुष्याचं वाटोळं होऊ नये म्हणून तो तिला तोडत असतो. या नियमाला चाळीस पुस्तकांत एकही अपवाद नाही.

आमच्या प्रज्ञाचं लग्न जवळच्याच पूर्णा गावच्या निखिलशी ठरलं. निखिल दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर. मुलगा बोलका. दिवसातून दोनदा फोन करून "काका, जेवलात का?" विचारणार. सोमवारी त्याचा फोन आला नाही. मी केला तर त्याने कट केला. मंगळवारी मेसेज आला, "काका, रविवारपर्यंत फोन नको. समोर आल्यावर सांगतो."

मी तो बायकोला दाखवला.

"कामात असेल," सुनंदा म्हणाली.

"कामात असलेला माणूस 'कामात आहे' असं लिहितो. हा 'समोर आल्यावर सांगतो' लिहितोय."

"मग समोर आल्यावर सांगेल."

सुनंदा अंगणवाडीत काम करते. तिला कथानकाची जाण नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर रिक्षाची वाट बघत उभा होतो, तर समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून निखिल उतरला. मान खाली, तोंडाला रुमाल. मी हाक मारली. त्याने पाहिलं, रुमाल घट्ट दाबला आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला. मी जिन्याकडे पाहिलं. तिथे डॉक्टरांच्या सहा पाट्या होत्या. मी सगळ्यात वरची वाचली, 'फुप्फुसविकार तज्ज्ञ'. पुढच्या पाच वाचायची मला गरज वाटली नाही. बाईंच्या नायकाने रुमाल तोंडाला लावला की त्यावर रक्ताचा ठिपका असतोच.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पूर्णा गाठलं. व्याही बाहेर गेले होते. विहीणबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"जय भीम, मास्तर. आसं आचानक?"

"ताई, आम्हाला सगळं कळलंय."

विहीणबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पदर डोळ्याला लावला. "पोराने कुनाला सांगू नको म्हनून शपथ घातली हाय. चार दिस झाले, भाकरीचा तुकडा खाल्ला न्हाय. नुसती पेज."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"पार मुळापासून गेलंय म्हनतात. शनवारपर्यंत झालं तर झालं, न्हायतर रविवारी हाय तसाच उभा करायचा."

"आणि पुढे?"

"पुढे काय, मास्तर? एकदा गेलेलं परत येतं का?"

विहीणबाई किती धीराच्या, असं वाटून मला हुंदका आला. त्यांनी मला पाणी दिलं, वर "तुमी एवढं मनाला लावून घेऊ नका" असंही म्हणाल्या. परतताना मला एकच दिसत होतं. लेकीचं सगळं आयुष्य आणि तिला हे सांगणारा मी. घरी कोणाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून कल्याणला थोरल्या भावाला फोन केला आणि कोणाला सांगू नको असं बजावलं. दादाने फक्त वहिनीला सांगितलं. वहिनीने फक्त तिच्या बहिणींना.

शुक्रवारी दुपारी व्याह्यांचा फोन आला. ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, कमी बोलणारे. "मास्तर, इकडे या. आत्ता."

सुनंदाला घेऊन गेलो. वाटेत तिला सगळं सांगितलं. ती एकच वाक्य बोलली, "त्या बाकीच्या पाच पाट्या का नाही वाचल्या?"

पूर्ण्याच्या अंगणात आमच्याकडची अकरा माणसं शहाळी घेऊन बसली होती. वहिनी विहीणबाईंना मिठी मारून रडत होती. विहीणबाईंना काहीच कळत नव्हतं, तरी सोबत म्हणून त्याही रडत होत्या. व्याही मध्ये उभे होते.

"तुमचा भाऊ म्हनतो, माझा पोर रविवार बघनार न्हाय," ते म्हणाले. "लगीन मोडायचं आसंल तर सरळ बोला. जितं पोर मेलं म्हनून गावात सांगून मोडू नका."

लग्न आता मोडतंय आणि ते मीच मोडलंय, एवढं मला लख्ख कळलं.

सुनंदा पुढे झाली. "निखिल, बाहेर ये बाळा."

तो आला. तोंडाला रुमाल होताच.

"तो काढ. आता आ कर."

त्याने आ केला. वरचा पुढचा एक दात नव्हता.

"फोमवारी गोदामात तोंडावर खोका पडला, काकू," निखिल म्हणाला. "नवा दात फनिवारी मिळनार हाय. काका फोनवर हफतील म्हनून बोललो नाय."

कोणीच हसलं नाही. व्याह्यांनी आधी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात जोडले. "चूक माझी आहे. पोरीला यातलं काही माहीत नाही. राग माझ्यावर काढा, तिच्यावर नको."

व्याही खाली बसले आणि कोयता हातात घेतला. (दादा दोन पावलं मागे सरकला.) त्यांनी एक शहाळं तासलं आणि माझ्या हातात दिलं.

"आनलीत तर प्या आता. रविवार ठरल्यापरमानं व्हईल. फकस्त एक करा, मास्तर. त्या दिवशी तुमी काय बोलू नका."

रविवारी बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या. नवा दात वेळेवर मिळाला होता, निखिल सगळ्यांशी तोंडभर बोलत होता. मी मात्र तीन तास मिटल्या तोंडाने बसलो. मुलीच्या बापाला किती भरून आलंय, असं लोक म्हणत होते.

संध्याकाळी प्रज्ञाशेजारी बसलो आणि झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली.

"जाऊ द्या, पप्पा. मला तर सोमवारीच माहीत होतं. त्याने फोटो पाठवला होता दाताचा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे. बुधवारी शाळेतून आलात, रडत रडत माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, 'बाळा, माणूस आहे तसा स्वीकारायचा असतो.' मी मैत्रिणींनापण सांगितलं, एका दातासाठी माझे पप्पा किती रडले."