कोपऱ्यातली नावं

ऑइलपेंटचा वास आला, की मालेगावच्या रस्त्यावरची ती भिंत आठवते. आमच्या बियाणे कंपनीनं रंग बदलला होता आणि गावोगावच्या हिरव्या जाहिराती निळ्या करवून घेत मी हिंडत होतो. पेंटरनं ब्रश उचलला तशी घरातली बाई धावत आली. भिंतीच्या कोपऱ्यात तिच्या लेकीच्या लग्नात लिहिलेली नवरा-नवरीची नावं होती. “तुमचं नाव कितीबी मोठं लिवा भाऊ, माह्या लेकीचं काहून पुसून राह्यले?” आम्ही तेवढा कोपरा सोडला. फोटो पाहून ऑफिसचा फोन आला, “ब्रँड सगळीकडे सारखाच दिसला पाहिजे.” मग तोही निळा केला. परवा कंपनीचं नवीन नाव लिहायला तिथंच गेलो. निळ्याचे पोपडे उडाले होते आणि खालून लेकीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. पेंटरला म्हटलं, आधी चहा घेऊ.