बाईंची उपवास सोडायची चूल

माझा देवावर राग होता, हे आधीच कबूल करते. दोन लेकरं मी जन्माला घातली आणि एकदाही त्यांचं रडणं न ऐकता मातीत दिली. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा शेजारणी म्हणत, मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोल. मी म्हणायची, त्याला माझं घर ठाऊक असतं तर दोनदा चुकला असता का? माझी जीभ तेव्हा तिखट होती; आता म्हातारपणी ती गोड झाली आहे असं माझ्या सुनेचंही म्हणणं नाही.

माझ्या सासूला सगळं गाव ‘बाई’ म्हणे, मीही बाईच म्हणायची. आमचं गाव चांद्याकडून, म्हणजे आताच्या चंद्रपुराकडून, मार्कंड्याला जाणाऱ्या गाडीवाटेवर, वैनगंगेच्या अलीकडे चारेक कोसांवर. महाशिवरात्रीला अख्खं गाव दारांना कड्या लावून, गाड्या जुंपून जत्रेला जाई. मागे राहत एकट्या बाई. दुसऱ्या दिवशी दर्शन घेऊन उपाशीपोटी माणसं परत फिरत आणि बाई अंगणात दगडांच्या तीन चुली मांडून त्यांचा उपवास सोडवीत. नव्या धानाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, आणि जेवायला पळसाच्या पत्रावळी. ऐन तारुण्यात विधवा झाल्या तेव्हापासून त्यांनी हे धरलं ते सोडलं नाही. पंचक्रोशीतले लोक दरसाल जत्रेला जात आणि बाईंनी मात्र शिवरात्रीचा मार्कंडा एकदाही पाहिला नव्हता. त्यांचा नियम एकच होता. जेवण झाल्याशिवाय कुणाला नाव, गाव, जात विचारायची नाही.

मला त्या चुलींचाही राग यायचा. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील, त्या साली, हे तिसरं पोटात असताना, तांदूळ निवडता निवडता मी बोलून गेले, “बाई, परक्याईचं पोट भरता तुमी. माही ओटी रिकामी राह्यते ते नाई दिसत काय तुमच्या देवाले?”

बाईंच्या हातातलं सूप थांबलं नाही. “माहे पाच गेले, पोरी. तुहा नवरा तेवढा राह्यला. चूल इझवली असती त ते पाच वापस आले असते काय?”

मी पुन्हा तांदळातले खडे वेचू लागले. पटलं म्हणून नाही, पाच हा आकडा मला ठाऊक नव्हता म्हणून.

सुईणीने माझा अजून एक महिना बाकी असल्याचं सांगितलं होतं. तिच्या भरवशावर नवरा गाडी घेऊन जत्रेला गेला, आणि सुईणही त्याच गाडीत बसून गेली. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली आणि माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. गावात ना गाडी, ना बैल, ना हाकेला माणूस. बाईंनी मला आतल्या खोलीत निजवलं, पोटावरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. मूल आडवंतिडवं आहे एवढं त्यांना कळलं. पुढचं त्यांच्या हातातलं नव्हतं. मी त्यांचा पदर धरून ओरडले, “बाई, देवाले सांगा जी!”

“सांगाले टाइम नाई. तू दम धर. भात उतरवून आलीच मी.”

मला तेव्हा इतका संताप आला! मी मरते आहे आणि हिला भाताची पडली आहे. पण त्या खरंच भात उतरवून आल्या, माझं कपाळ पुसलं, पुन्हा वरण ढवळायला गेल्या, पुन्हा आल्या. बाहेर पहिल्या गाड्या येऊन थांबल्याचं मला ऐकू येत होतं. बाई पत्रावळी मांडत होत्या आणि प्रत्येक गाडीपाशी जाऊन एकच विचारत होत्या, “तुमच्यात कोनी बायकाईचं जाननारी हाये का?” कुणी नव्हतं.

तेवढ्यात एक अनोळखी बाईमाणूस दारात आलं. डोक्यावर बांगड्यांची पेटी, अंगावर जाड ओढणी. चांद्याची मुसलमान चुडीवाली होती, जत्रेतून परत निघालेली. “अम्मा, थोडं पानी भेटन का? साऱ्या गावात तुमच्याच घरी धूर दिसला.” आतून माझं ओरडणं ऐकलं आणि पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवून ती आत आली. तिने पेटी उतरवली, हात धुतले, तेल कोमट करून मागितलं आणि मला म्हणाली, “बेटी, लय बाळंतपनं केली मी. मी म्हनन तेव्हाच जोर दे. त्याच्या आंधी नाई.”

बाहेर पंगतीतल्या कुणी तरी आवाज चढवला, “बाई, चुडीवालीले बाळंतिनीच्या खोलीत घेतलं?”

बाईंचा आवाज मला आत स्पष्ट ऐकू आला. “भाऊ, भात पायजे का, हे इचारून राह्यली मी. दुसरं काई इचारलं काय मी तुमाले?” मग कुणी तरी भातच मागितला.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मूल पायाळू आलं. निळसर, निपचित. ती शांतता मला ओळखीची होती. दोनदा ऐकली होती. मी डोळे मिटले. चुडीवालीने बोटाने त्याचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, फुंकर घातली, पुन्हा पाठ चोळली. मी मनात म्हटलं, घे बाबा, तुझंच आहे, मी आता भांडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न मागता देवापुढे वाकले होते. आणि पोर रडली. बाहेर पंगत सोडून माणसं उठली. दारात बाई हातात वरणाचं भांडं घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

चुडीवाली मग त्याच अंगणात पोटभर जेवली. जाताना माझ्या मनगटात हिरव्या बांगड्या चढवून गेली. तो चमत्कार होता की योगायोग, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की ज्या धुरावर मी चिडत होते तोच तिला दिसला. शरण जाणं म्हणजे हात जोडून बसणं, अशी माझी समजूत होती. बाईंनी फळ देवावर सोडलं होतं, पण हातातलं काम कधी सोडलं नाही.

पुढच्या शिवरात्रीला मीच बाईंचं गाठोडं बांधलं. त्यांनी साठी गाठली होती. “अन् इथी?” त्यांनी विचारलं. “इथी मी हाओ,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही चुली मीच पेटवल्या. पाठीला लेक बांधलेली, डोळ्यांत धूर, पहिल्या वरणात मीठ दोनदा पडलं. दुपारी दुसरी पंगत वाढताना बघते तर शेवटच्या पत्रावळीवर बाई बसलेल्या, अंगावर प्रवासाची धूळ.

“बाई, उठा जी. घरात बसा.”

“काऊन? मीबी उपाशीच हाओ. वाढ.”

मी वाढलं. शितं पत्रावळीबाहेर सांडली. गेल्या साली महादेवाने माझं घर शोधलं तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. या खेपेला तो पंगतीत बसला तेव्हा ते उघडे होते. बाईंनी पहिला घास घेतला, मागे उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “पुरन ना वं समद्याईले?”

“पुरन, बाई. तुमी जेवा.”

मग त्या जेवल्या, आणि दोनदा भात मागून घेतला.