बाजारातले सहा शिंपले

समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या बारीकसारीक जीवांची शिरगणती करण्यात भिंगबाईंची बावीस वर्षं गेली. शिरगणती हा शब्द मात्र त्यांना पसंत नव्हता, कारण त्यांच्या निम्म्या मंडळींना शिर नसायचंच.

कामाची रीत साधी होती. समुद्रात पंप लावून तळाची रेती आणि गोटे उपसायला परवानगी असे, पण वाटेल तिथून आणि वाटेल तेवढे नाही. तळाचे पट्टे आखून दिलेले होते. एका पट्ट्यात काही वर्षं उपसा करायचा, तोही खाली गोट्यांचा थर शिल्लक ठेवून, आणि मग तो पट्टा विसाव्याला सोडायचा. तिथे जीव परत नांदायला आले की नाही हे पाहिल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. त्यासाठी पाहणीची बोट ठरलेल्या जागी लोखंडी जबडा सोडून बादलीभर तळ उचलायची, चाळायची आणि चाळणीत उरलेला ऐवज फॉर्मालिनच्या बरण्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवायची. बरणीवर नुसता आकडा असे. ती कुठल्या पट्ट्यातली हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, कारण मोजणाऱ्यालाही घरदार असतं.

भिंगबाईंच्या घरात तर प्रत्यक्ष पंपवाले होते. रेती उपसणाऱ्या जहाजावर पंप चालवणारे ते त्यांचे यजमान. नवऱ्याने तळ खरवडायचा आणि मागे काय उरलं ते बायकोने मोजायचं, असा तीस वर्षांचा संसार. एकदा जेवताना पंपवाल्यांच्या दाताखाली खडा आला तर बाईंनी तो उजेडात धरला आणि ‘हा तुमच्या चार नंबरच्या पट्ट्यातला’ म्हणून त्यांच्याच ताटाशी ठेवला. तेव्हापासून बाई डाळ निवडायला बसल्या की पंपवाले जवळपास फिरकत नसत.

त्या वर्षी प्रश्न होता नऊ नंबरच्या पट्ट्याचा. पाच वर्षं विसावलेला, किनाऱ्यापासून दोन तासांवर. चाळीस प्रकारचे जीव सापडले तर तो उघडणार, म्हणजे पंपवाले रोज संध्याकाळी घरी. एक जरी कमी भरला तरी जहाज लांबच्या पट्ट्यांवर जाणार, म्हणजे तीन तीन आठवडे घराचं तोंड दिसायचं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. पंपवाले झोपेतसुद्धा ‘नऊ, नऊ’ पुटपुटत असत आणि बाई कूस बदलून ‘झोपा’ म्हणत.

पाहणीच्या आठवड्यात बाई मासळी बाजारात गेल्या तर मासळीवाली हसून म्हणाली, “काय हो बाई, पाहुणे आलेत का घरी? तुमच्या ह्यांनी परवा चार किलो शिंपले नेले.”

“चार किलो?”

“निवडून घेतले. सगळे एका मापाचे हवेत म्हणाले. आणि जिवंत.”

बाई कोड्यात पडल्या. शिंपल्यांच्या नुसत्या वासाने पंपवाल्यांना अंगभर खाज सुटते. घरी येऊन त्यांनी फ्रिज उघडला, मोरीतली बादली पाहिली, जिन्याखालची फडताळंसुद्धा उघडली. शिंपल्यांचा मागमूस नव्हता. पंपवाले पेपर वाचत होते आणि पेपर उलटा नव्हता एवढंच.

चौथ्या दिवशी बाईंनी सतरा नंबरची बरणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओतली. नळीत राहणारे केसाळ किडे, गोट्यांना चिकटलेले बारके जीव, नखाएवढे दोन तारामासे, एक खेकडा. चिमट्याने एकेक बाजूला करत बाई मोजत गेल्या. एकोणचाळीस प्रकार झाले. आणि ट्रेच्या कोपऱ्यात सहा शिंपले, गोंडस, एका मापाचे. खाडीच्या चिखलातली जात. तीस मीटर खोल गोट्यांत हे सहा जण सहकुटुंब कशाला गेले असतील, हे सांगायला भिंगाची गरज नव्हती.

जहाजावर एक सीलबंद डबा असतो. पंप कधी लागला, कुठे लागला, सगळं टिपतो. त्याला फसवता येत नाही. पण येता-जाता पंप बंद असताना कठड्यावरून कोणी पिशवी उपडी केली, तर डबा बिचारा काय टिपणार? पाहणीच्या जागा नकाशावर ठरलेल्या. नेम म्हणा की नशीब, चार किलोंतले सहा बरोबर जबड्यात आले होते.

बाईंना आधी हसू आलं. मग हसू ओसरलं. शिंपले धरले तर चाळीस, नाही धरले तर एकोणचाळीस. शेजारच्या टेबलावर कोणाला शंकाही आली नसती. बाईंनी ट्रे पुन्हा मोजला, मग चहा घेऊन तिसऱ्यांदा मोजला. एकोणचाळीसच. माणूस घरी असावा असं त्यांनाही वाटत होतं, फार वाटत होतं. त्या उठल्या आणि प्रयोगशाळेच्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, सतरा नंबरची बरणी मी मोजू शकत नाही. ओळखीची निघाली.”

“म्हणजे काय?”

“त्यात सहा शिंपले आहेत, बाजारातले.”

“कोणी टाकले असतील?”

“आमच्या घरी विचारा.”

साहेब हसले आणि मग बाईंचा चेहरा बघून थांबले. बरणी दुसऱ्या टेबलावर गेली. तिथेही एकोणचाळीसच भरले. शिंपल्यांपुढे ‘बाहेरून आलेले, धरू नयेत’ असा शेरा पडला. मोजणीत न धरलेला माल फेकूनच देतात. बाईंनी तो मागून घेतला.

रविवारी दुपारी पंपवाले जेवायला बसले. बाईंनी ताटावरचं झाकण काढलं. ताटात सहा रिकामे शिंपले, स्वच्छ धुतलेले.

पंपवाल्यांनी हात मागे घेतला. “सहाच?” त्यांच्या तोंडून निघून गेलं. “मी चार किलो टाकले होते.”

“काही वाहून गेले असतील, काही तारामाशांनी फस्त केले असतील.”

“तारामासे आलेत? मग ते धर की मोजणीत.”

“धरलेत. एकोणचाळिसांत आहेत.”

“एकाने हुकलं?” पंपवाल्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. “अगं, तुला सोडून तीन तीन आठवडे राहायचं माझं वय आहे का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “माझंही नाही. पण म्हणून मी खोटं मोजू?”

पंपवाल्यांनी सहा शिंपले उचलून सदऱ्याच्या खिशात टाकले आणि मग नीट ताट वाढून मागितलं. सोमवारी साहेबांचं पत्र वाचून कप्तानाने त्यांना सगळ्यांसमोर झापलं, हातात मेमो दिला आणि जहाज लांबच्या पट्ट्यांवर निघून गेलं.

ते वर्ष बाईंना जड गेलं. एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येई. डाळीत खडा निघाला तर कोणाच्या ताटाशी ठेवायचा हाही प्रश्न होता.

पुढच्या पाहणीचा निकाल साहेबांनी स्वतः बाईंच्या टेबलाशी येऊन वाचला. “नऊ नंबर. त्रेचाळीस.”

“शिंपले?” बाईंनी विचारलं.

“एकही नाही. बरणी तुम्हीच मोजली होती.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी त्यांचं कामात लक्ष लागलं नाही, आणि तसं त्यांनी साहेबांना सांगूनही टाकलं.

दहा दिवसांनी जहाज परत आलं. पंपवाले दारात उभे, काळवंडलेले. चपला काढायच्या आधी त्यांनी खिशातले शिंपले काढून टेबलावर मांडले. बाईंनी सवयीने मोजले.

“पाचच आहेत.”

“नऊ नंबरवरून येताना एक हातातून पडला.”

“पडला?”

“पडला,” पंपवाले छताकडे बघत म्हणाले.

“पुढच्या पाहणीत सापडला तर बाहेरचा म्हणूनच लिहीन, सांगून ठेवते.”

“लिही की. फक्त शेऱ्यात एवढं घाल, की हा टाकणारा माणूस तेव्हा घरी निघाला होता.”